काजताईच्या वाट्याचा चहा

कारखान्यात चहाची किटली फिरायला लागली की ती काजताईच्या टेबलाला वळसा घालून पुढे जायची. तो काही अपमान नव्हता, उलट मायाच होती. इस्त्रीवाल्या मावशी किटली घेऊन निघायच्या, शिलाईच्या मशीनवर बसलेल्या बायकांचे कप भरायच्या. कॉलरवालीच्या कपात चार घोट जास्तच ओतायच्या, कारण चहा मिळाला नाही तर ती दिवसभर सगळ्यांवर करवादायची. काजताईपाशी आल्या की मात्र नुसतं हसून पुढे सरकायच्या. भिंतीतल्या फळीवर सगळ्यांचे कप पालथे घातलेले असत, कुणाचा निळ्या काठाचा, कुणाचा कान तुटलेला. त्यांत काजताईचा कप नव्हता. कधीच नव्हता.

नव्याने कामाला लागलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताईंना नको का?"

"ती नाही घेत गं," मावशी म्हणाल्या. "तिला कशाला उगाच अडचणीत टाकायचं?"

अडचण कसली, ते त्या मुलीला आपोआप कळलं. बायकांचा संडास वरच्या मजल्यावर होता. तिथे जाणारा जिना अरुंद, मधेच वळणारा, त्याचा लाकडी कठडा हात लावला की हलायचा. आणि काजताई दोन कुबड्यांवर चालायची. लहानपणी एक ताप आला आणि जाताना पायांतलं बळ सोबत घेऊन गेला. घरातून निघून कारखान्यात येणं, पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या बसून बसून चढणं, टेबलाशी पोचणं, एवढं तिचं ती करायची. जिना मात्र तिच्या हिशेबातच नव्हता. म्हणून तिने पाणीच हिशेबातून काढून टाकलं होतं. सकाळी घरी अर्धा कप, दुपारी डबा खाल्ल्यावर ओठ ओले करण्यापुरतं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावायची ती रिकामा करूनच खाली ठेवायची.

तिचं खरं नाव पगारवाटपाच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. एरवी ती काजताई. उंची कोटांना आणि शर्टांना हाताने केलेलंच काज लागतं म्हणणारी गिऱ्हाइकं अजून होती, आणि ते काम तिचं. कापडाला नेमकी चीर द्यायची, तिच्या कडेने दोरा गुंफत जायचं, टोकाला आडवी गाठ मारायची की पुढे कितीही ताण आला तरी चीर वाढू नये. तिने लावलेलं बटण कापड विरून गेलं तरी जागेवर असायचं. तिचा तेवढाच एक अभिमान होता.

शिलाईच्या दालनाच्या पलीकडे कापणीचं दालन होतं, आणि दोन्हींच्या मधे एक खिडकी, तिच्याशेजारी एक सहसा लोटलेलंच दार. कापलेल्या कापडाचे गठ्ठे त्या खिडकीतून अलीकडे यायचे. बोलणंही त्याच खिडकीतून. कापणीवाले सगळे पुरुष, ते मागच्या दाराने यायचे. शिलाईच्या बायका पुढच्या दाराने. असा नियम कुणी कधी केला नव्हता, पण तो मोडायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कापणीवाल्या मास्तरांची स्कूटर घसरली आणि पायात सळ्या बसल्या. ते परत आले ते काठी टेकत. मालकांनी ते यायच्या आतच मागच्या दाराला सिमेंटचा उतार करून घेतला होता. खालीच, कापणीच्या दालनाच्या कोपऱ्यात, खुर्चीसारखं बसायचा संडास बांधला आणि भिंतीत धरायला पोलादी दांडी बसवली. "मास्तर बसला तर कारखाना बसला," मालक म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. सगळ्या बायका खिडकीतून तो उतार बघून आल्या. काजताईनेही पाहिला. मास्तरांसाठी तिला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग कुबड्या काखेत घेऊन ती आपल्या टेबलाशी परतली आणि सुईत दोरा ओवताना तिच्या मनात आलं की मास्तर पडले ते सगळ्यांना दिसलं. आपण कधी उभ्याच नव्हतो, त्यामुळे आपलं पडणं कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. हे ती कुणाजवळ बोलली नाही. बोलून करायचं काय?

मग पोटात दुखायला लागलं.

दवाखान्यात तपासायचं टेबल इतकं उंच होतं की त्याचा काठ तिच्या छातीशी येत होता. वर चढवायला तिथला एक माणूस बाह्या सावरत पुढे आला. ती पटकन म्हणाली, "नको, माझा भाऊ आहे बाहेर." धाकट्या भावाने आत येऊन तिला उचलून वर ठेवलं, आणि ठेवल्यावर तो तिथेच उभा राहिला, काळजीने. त्याच्यासमोर ती डॉक्टरांना एवढंच सांगू शकली की पोटात दुखतंय. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. आठवड्याने ताप चढला.

दुसऱ्या खेपेला भावजय सोबत निघाली. तिने न्हाणीतलं स्टूल काखोटीला मारलं होतं.

"हे काय?" काजताईने विचारलं.

"तुमची शिडी, वन्सं. आज पुरुष माणूस नको आत. आज मी बोलणार."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

काजताईने भावजयीकडे पाहिलं.

"घरी आल्या की पितात," भावजय म्हणाली. "उंटासारखं. एकदाच."

"उंटाला चालतं ते," डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "यांना आता नाही चालणार. मूत्रपिंडांना सूज यायला लागली आहे. पाणी दिवसभर, थोडं थोडं. आणि लागली की जायचं, थोपवून धरायचं नाही. यात तडजोड नाही."

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, तू आता घरी बस. काय कमी आहे आपल्याला?"

त्याने मायेनेच म्हटलं होतं, म्हणून त्याला उत्तर देणं कठीण होतं. घरी बसणं या शब्दांची काजताईला लहानपणापासून धास्ती होती. शाळेला जिना होता तेव्हा घरी बस म्हणाले. लग्नाच्या गोष्टी निघाल्या नाहीत तेव्हा न बोलताच घरी बसवलं. आईच्या आजारपणात घरची एकुलती मोकळी मुलगी म्हणून ती घरातच होती. काज शिकली तेव्हा कुठे तिला दाराबाहेर जायचं कारण मिळालं. आता ते कारण एका जिन्यापायी हातचं जाणार होतं.

"यांचं ऐकू नका," भावजय ताटं उचलत म्हणाली. "कामावर जा आणि पाणी प्या."

"आणि मग?"

"मग तुमचे ते मास्तर जातात तिथे जा. त्यांच्यासाठी बांधलंय ते काय सोन्याचं आहे?"

दुसऱ्या दिवशी काजताईच्या टेबलावर दोऱ्याच्या रिळांशेजारी पाण्याची बाटली उभी होती. मावशींची नजर तिच्यावर गेली, तशी हातातली इस्त्री थांबली.

"अगं, हे काय आज?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

दोन-तीन मशीनं थांबली. किती तरी वर्षं सगळ्यांनी मिळून जपलेली गोष्ट होती ती. ताईंसमोर घटाघट पाणी प्यायचं नाही, किटली तिच्या नाकापुढून न्यायची नाही. आता ती बाटलीच पुढ्यात घेऊन बसली, तर कुणी कसं वागायचं?

तिसरा घोट पोटात गेल्यावर काजताई खिडकीपाशी गेली. पलीकडे मास्तर खडूने कापडावर रेघा ओढत होते.

"मास्तर, एक विचारू?"

"काजाची खूण चुकली का माझी?"

"खूण बरोबर आहे. तुमची ती कोपऱ्यातली खोली..."

मास्तरांना आधी कळेना. मग कळलं आणि त्यांचे कान लाल झाले. "जा की, ताई. विचारता काय? कुलूप नसतंच तिला."

खरी अडचण तीच होती. कुलूप नव्हतं आणि कडीही नव्हती. इस्पितळात असताना मास्तर एकदा संडासात घसरून पडले होते, आतून कडी लावलेली. दार फोडेपर्यंत ते फरशीवर ओरडत पडून राहिले. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते दाराची कडी काढून टाकायचं. त्याऐवजी ते आत गेले की शीळ घालायचे. एकच चाल, तीही बेसूर. शीळ ऐकू आली की मास्तर आत आहेत हे कापणीवाल्यांना कळायचं, आणि शीळ थांबून बराच वेळ गेला तर कुणी तरी हाक मारायचं. मास्तरांचं त्यात छान भागत होतं.

त्या दिवशी मावशी इस्त्री उभी करून ठेवून दारावर पहाऱ्याला गेल्या. कापणीवाले सगळे एकदम हवा खायला बाहेर पडले. कॉलरवाली काजताईच्या कुबड्या धरायला गेली, म्हणून तिचं मशीन बंद. आत दांडी उजव्या हाताला होती, मास्तरांच्या हिशेबाने. काजताईचा जोर डाव्या हातात. एकदा तोल गेला, पण भिंतीला खांदा लागला म्हणून निभावलं. ती बाहेर आली तेव्हा अर्धा कारखाना तिची वाट बघत थांबला होता, आणि प्रत्येक जण दुसरीकडेच कुठे तरी बघत होता. इतकं उघडं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मालक तिच्या टेबलाशी आले. आवाज चढवणारा माणूस नव्हे. तिथलंच एक बटण उचलून बोटांत फिरवत म्हणाले, "ताई, हे रोज असंच होणार का?"

"दिवसातून दोनदा तरी."

"तुमच्यावर राग नाही माझा. पण एक बाई उठली की चार माणसं उठतात, काम ठप्प होतं. काजाचं मशीन बघून ठेवलंय मी. घ्यायचं मनात नाही. पण..."

"मला एकटीला जाता आलं तर कुणीच उठणार नाही."

"मग कडी लावून घ्या दाराला."

"मास्तरांना कडी नको आहे."

मालकांनी बटण खाली ठेवलं. "त्यांच्यासाठी बांधकाम चाललं होतं तेव्हाच बोलायचं होतं तुम्ही."

"त्यांना बोलावं लागलं नव्हतं," काजताई म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जरा मोठ्याने निघालं. मशीनं चालू होती, तरी दोघी-तिघींनी मान वर केली.

मालकांनी खाली ठेवलेलं बटण बोटाने जरा सरकवलं. "तुम्ही दोघं मिळून काय ते ठरवा. या आठवड्यात," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या अलीकडे काजताई आणि पलीकडे मास्तर.

"कडी सोडून काय वाटेल ते सांगा," मास्तर म्हणाले. "ताई, फरशीवर पडलेलो आणि कडी हाताला येत नव्हती. अजून स्वप्नात येते ती कडी."

"आणि मला कडी नसेल तर बसताच येत नाही. सगळं लक्ष दाराकडे. काम होतच नाही."

"मी शीळ घालतो, तसं तुम्ही..." मास्तर बोलता बोलता अडखळले.

"शिका की, ताई," मागून कॉलरवाली म्हणाली. "आम्ही पण शिकतो. दुपारी सगळ्या मिळून घालू."

काजताईने खरंच ओठांचा चंबू करून पाहिला. नुसती हवा निघाली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमची शीळ ऐकून माणूस दाराशी थांबतो. बाईची शीळ ऐकली की तो बघायला येतो."

मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. "हे माझ्या ध्यानातच नाही आलं," शेवटी म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून काजताईने कॉलरच्या आत घालायचं जाड कापड घेतलं, त्याचा चार पदरी पट्टा शिवला आणि पट्ट्याच्या टोकाला एक भलंमोठं काज केलं. मग ओव्हरकोटाचं बटण एका कापडी तुकड्यावर लावलं. कॉलरवालीने पट्टा खेचून पाहिला, मग त्याला लोंबकळून पाहिलं. बटण हललं नाही.

"झाली की तुमची कडी," कॉलरवाली म्हणाली.

"नाही झाली. हे तुटायला हवं."

"काय?"

"दाराला हात लावला तर धरून राहायला हवं. खांदा मारला तर तुटायला हवं." तिने बटण उसवलं आणि नव्याने लावलं, या वेळी अगदी कमी टाके घालून. मावशींनी नुसतं ओढलं आणि ते टप्पकन तुटून टेबलाखाली गेलं.

"हे तर माझ्या नवऱ्याच्या शर्टासारखं," मावशी म्हणाल्या. "जेवायला बसला की गेलं."

काजताईने तिसऱ्यांदा सुई ओवली. हात थबकत होते. इतकी वर्षं ते कधी तुटू नये म्हणून टाके घालत आले होते. आता जरा कमी, पण फार कमी नाही, असं त्यांना समजवायला लागत होतं. हे बटण मावशींच्या ओढण्याला टिकलं, आणि कॉलरवाली लोंबकळली तेव्हा तुटलं. मग मास्तरांनी पट्टा दाराला आणि बटणाचा तुकडा चौकटीला खिळ्यांनी ठोकून घेतला आणि स्वतः आत गेले. आतून आवाज आला, "लावलं. ढकला."

कापणीतल्या एकाने हाताने ढकललं. दार उघडलं नाही.

"आता मी पडलोय," आतून मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात गंमत होती, पण ती पुरती नव्हती. "मारा खांदा."

त्याने खांदा मारला. टक्क आवाज झाला आणि दार आत गेलं. मास्तर एका हाताने दांडी धरून उभे होते, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तुटलेलं बटण. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मग लंगडत खिडकीपाशी आले आणि बटण अलीकडे सरकवलं.

"तुटलं, ताई."

"तुटायलाच लावलं होतं."

"तुमच्या हातचं पहिलंच असेल हे."

"पहिलंच," काजताई म्हणाली. "उद्या दुसरं लावून देते. दोन-चार जास्तीची ठेवा जवळ."

मास्तरांनी शीळ काही सोडली नाही. सवय म्हणा. पण बटण लावायला लागले.

काजताईच्या डाव्या हाताला हव्या असलेल्या दांडीचं काम मात्र रखडलं. मालक हो म्हणाले, गवंडी यायला महिना गेला, आणि आला तो मीटरची पट्टी घेऊन सरळ मास्तरांपाशी जाऊन उभा राहिला.

"अहो, तिकडे कुठे?" मावशी म्हणाल्या. "बसणारी ही आहे."

"बाईंचं माप?" गवंडी घुटमळला.

"राहू दे तुमची ती पट्टी." मावशींनी आपल्याच गळ्यातली शिवणाची टेप काढली. काजताई स्टुलावर बसली, डावा हात पुढे केला. मावशींनी बैठकीपासून हातापर्यंत टेप धरली, कोपर जरा दुमडायला लावलं, पुन्हा धरली. खिडकीपलीकडून मास्तर आकडा मोठ्याने म्हणत होते आणि गवंडी संडासाच्या भिंतीवर खूण करत होता. त्या कारखान्यात रोज कुणाकुणाची मापं येऊन पडायची, खांदे, कंबर, बाह्या. काजताई हात तसाच धरून बसली होती आणि तिला आठवेना की आपलं माप यापूर्वी कुणी घेतलं होतं.

एवढं करूनही दांडी दोन बोटं खालीच बसली. गवंड्याने वाळलेलं सिमेंट दाखवून हात वर केले. काजताईने धरून पाहिली आणि म्हणाली, "राहू दे. जमेल." मालकांनी बघून ठेवलेल्या काजाच्या मशीनचं चित्र त्यांच्या खणात अजून होतं, तेही तिला माहीत होतं. पण पायऱ्यांचं तिने परस्पर ठरवून टाकलं. एका सकाळी ती मागच्या दारी आली आणि उतारावरून कुबड्या टेकत आत शिरली. कापणीवाले लगबगीने बाजूला झाले. आठवड्याने लगबग कमी झाली, आणि मग एक जण मान वर न करताच म्हणाला, "ताई, तेवढा गठ्ठा खिडकीत ठेवता का जाता जाता?" काजताईला ते फार आवडलं. गठ्ठा नेणं तिला जमणारं नव्हतं, दोन्ही हात कुबड्यांत. "तुझं ओझं तूच उचल," ती म्हणाली, आणि तोही हसला.

एके दिवशी डब्याच्या पिशवीत डब्याशेजारी जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काही तरी होतं. भावजयीने सकाळी ठेवलेलं. उघडलं तर घरातला पिवळा कप, काठाला एक टवका उडालेला. काजताईने तो पुसला आणि रिळं सरकवून टेबलाच्या कडेला ठेवला.

किटली निघाली. मशीनांमधून फिरली, कॉलरवालीपाशी नेहमीसारखी रेंगाळली. मग मावशी काजताईपाशी आल्या, सवयीने हसल्या आणि वळसा घालून पुढे गेल्या.

"मावशी," काजताईने हाक मारली.

मावशी वळल्या. त्यांना आधी काजताई दिसली, मग कप दिसला. त्या दोन पावलं मागे आल्या आणि किटली तिरपी करता करता थांबल्या.

"अर्धा?" त्यांनी हळूच विचारलं.

"भरून," काजताई म्हणाली.